जॅकमागची वायर

एकदा एक वृद्ध कारागीर आपल्या शिष्याच्या पाठीकडे पाहत सकाळभर नुसते बसून होते. समोर दुरुस्तीला आलेले काम पडले होते, चष्मा डोळ्यांवर होता, हत्यारे हाताशी होती. पण त्या दिवशी त्यांच्या हातून काही होईना.

ते राहत त्या गावात तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांची एक जुनी गल्ली होती. त्या गल्लीच्या टोकाला त्यांचे दुकान. ते मात्र विजेवर वाजणारी वाद्ये दुरुस्त करत. बँडवाल्यांचे बेंजो, ऑर्केस्ट्राच्या इलेक्ट्रिक गिटारी, भजनी मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर, असे सगळे त्यांच्याकडे येई. लोक त्यांना तात्या म्हणत, आणि तात्या शहाणे आहेत अशी गावाची समजूत होती. कुणी बिघडलेली वस्तू टेबलावर ठेवता ठेवता घरातले भांडण सांगे, कुणी मुलीच्या सोयरिकीचे विचारी. तात्या थोडा वेळ विचार करत आणि चार शब्द सांगत. ते ऐकणाऱ्याला पटत. माणूस निघून गेला, की तात्यांना मात्र शंका घेरत असे: आपण बोललो ते खरे होते, की नुसते ऐकायला बरे होते? बोलणे जितके चांगले उतरे, तितकी ही शंका अधिक छळे.

शिष्याचे नाव निवास. तिशीच्या अलीकडचा, अबोल पण हसरा, आणि हाताचा असा स्थिर, की वायर जोडताना त्याने दिलेला कथलाचा सांधा पाहून जुने कारागीरही मान डोलवत. जवळच्या एका खेड्यातून तो आला होता. घरी एकटी आई. गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवून तिने त्याला वाढवले होते. थंडीच्या दिवसांत ती आजारी पडली आणि जिल्ह्याच्या इस्पितळातच वारली. दिवसकार्य उरकून निवास दुकानात परतला, आपल्या जागेवर बसला आणि कामाला लागला. पण तेव्हापासून त्याच्यातले काहीतरी मालवत चालले होते. प्रथम हसणे गेले. मग बोलणे गेले. मग हातही गेला. त्याचे सांधे निस्तेज आणि खडबडीत येऊ लागले, आणि दुरुस्त होऊन गेलेली वाद्ये परत येऊ लागली.

तात्यांनी त्यांना येत होते ते केले. ते त्याला रोज एक चांगला शब्द सांगत. "सावर आता, निवास. आई कुणालाच जन्मभर पुरत नाही." दुसऱ्या दिवशी, "कामात जीव घाल. कामासारखं औषध नाही." आणखी एखाद्या दिवशी, "तुला असं पाहून तिला बरं वाटलं असतं का?" कधी निवास स्वतःहून सुरुवात करी, "तात्या, त्या दिवशी इस्पितळात..." की तात्या मायेने त्याला थांबवत. "ते आता उकरू नकोस, बाळा. तुलाच त्रास होईल." निवास "हो" म्हणे आणि मान खाली घाली. तात्यांना वाटे, हळूहळू बसतेय घडी.

आणि त्या सकाळी, दुकान झाडता झाडता, निवास म्हणाला, "तात्या, पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही."

"दुसरीकडे काम मिळालं?"

"नाही."

"मग करणार काय?"

"काही नाही."

काम सोडण्याचे तात्यांना इतके वाटले नाही. त्या 'काही नाही'ने मात्र ते घाबरले. एखाद्या खोलीतला दिवा काढून नेला आहे आणि आता खोलीही कुणाला नको आहे, असा तो स्वर होता. तात्यांनी त्याला समोर बसवले आणि ते बोलले. पुष्कळ बोलले. त्यांच्या स्वतःच्या मापानेही ते चांगले बोलले. निवासने सगळे ऐकून घेतले, "हो" म्हणाला, आणि उठून कामाला लागला. तेव्हापासून तात्या त्याच्या पाठीकडे पाहत बसले होते. आता सांगायला त्यांच्याजवळ काही उरले नव्हते.

ऊन चढल्यावर साळवे आला. हा एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवी. देहाने आडवा, जिभेला विसावा नाही. पिशवीतून गिटार काढून त्याने ती टेबलावर आडवी घातली.

"तात्या, बाईसाहेब पुन्हा रुसल्या. संध्याकाळी लग्नाचं रिसेप्शन आहे आणि ही मधेच गप्प बसते. मागच्या खेपेला ऐन गाण्यात बंद पडली. लोकांना वाटलं लाइट गेली. टाळ्या वाजवल्या."

"मधेच म्हणजे कधी?"

"मी सरळ उभा राहिलो की." साळवेने गिटार गळ्यात अडकवून दाखवले. वायर मांडीशी दाबली, डावा खांदा पाडला, कंबर बाहेर काढली. "हे असं. असं उभं राहिलं की वाजते. बायको म्हणते, लग्नात बरे होतात, आता पावसात कललेल्या खांबासारखे दिसता."

"आणि तू काय करतोस?"

"करायचं काय, जॅकचा नट ढिला होतो. पकड घेतो, आवळतो. प्रत्येक कार्यक्रमाआधी. गणपतीला नमस्कार आणि नटाला एक पिळा. हयगय नाही. त्या दिवसापुरती वाजते, मग पुन्हा आहेच."

"खरखर येते?"

"खरखर तर कधीपासूनची. तिचं काय एवढं? आवाज वाढवला की झाकली जाते."

गिटारच्या कडेला एक भोक असते. त्यात वायरची पिन खुपसली, की तारांचा नाद अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. त्या भोकामागच्या भागाला जॅक म्हणतात. बाहेरून त्याची एक चकती दिसते आणि ती आवळून धरणारा नट दिसतो. बाकी सगळे गिटारच्या पोटात असते.

तात्यांच्या सांगण्यावरून निवासने गिटार पालथी घातली आणि मागचे झाकण काढले. आत पाहिले, आणि त्याचा हात थांबला. तात्याही वाकले. जॅकला जोडलेल्या दोन्ही वायरी एकमेकींभोवती सुंभासारख्या पिळल्या गेल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या बारीक तारा तुटून पिंजारल्या होत्या. उरलेली एकच तार, केसासारखी, कशीबशी टिकून होती.

दुसरे कुणी असते तर लगेच ती वायर कापून नवी जोडायला घेतली असती. तात्यांनी तसे केले नाही. त्यांनी खणातून पाना काढला आणि साळवेच्या हातात दिला.

"आवळ. नेहमी आवळतोस तसा."

निवासने मान वर केली. "तात्या, तुटेल ती."

"आवळू दे त्याला."

"तुटेल म्हणजे?" साळवे म्हणाला. "तात्या, संध्याकाळी कार्यक्रम आहे माझा."

"ठाऊक आहे. तू आवळ. फक्त आज नटाकडे बघू नकोस, आत बघ."

साळवेने दोघांच्या तोंडाकडे पाहिले. तात्यांचा शब्द मोडायची गावात रीत नव्हती. त्याने पाना लावला आणि फिरवला. नट फिरला. पण नटाबरोबर आतला जॅकही फिरला, पिळलेल्या वायरी आणखी पिळल्या गेल्या, आणि ती केसासारखी तार तुटली. आवाजसुद्धा झाला नाही. साळवे पाना हातात धरून तसाच वाकून राहिला.

"तुम्हाला दिसत होतं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यातली गंमत पहिल्यांदाच गेली होती.

"हो."

"मग माझ्याच हातानं का तोडायला लावलीत?"

तात्या खुर्चीवर टेकले. "कारण मी मुकाट्यानं जोडून दिली असती, तर पुढच्या कार्यक्रमाआधी तू पुन्हा पकड घेतली असतीस. साळवे, नट ढिला होतो हे तुझं खरं. पण आतला जॅक मोकळा होता. आतलं मोकळं असताना बाहेरचं फिरवलं, की दोन्ही संगतीनं फिरतात. तुझ्या हाताला वाटतं, घट्ट झालं. आत मात्र वायरला एक पीळ बसलेला असतो. पुढच्या खेपेला आणखी एक. तू तिचं वाईट करायला गेला नव्हतास, काळजीच घेत होतास. पण तुझा काळजी घेणारा हात बाहेर होता आणि आत कुणाचाच हात नव्हता. आधी आतून धरावं, मग बाहेरून आवळावं. धरता येत नसेल, तर ढिलं राहिलेलं परवडलं."

साळवेने सावकाश मान हलवली. "पटलं, तात्या. आपण आपलं आवळत सुटलो."

बोलणे चांगले उतरले होते. तात्यांना ते जाणवले, आणि पाठोपाठ ती नेहमीची शंकाही आली. एरवी हा प्रसंग इथेच संपला असता. साळवेने तो चार ठिकाणी सांगितला असता आणि तात्यांच्या शहाणपणात आणखी एका गोष्टीची भर पडली असती. पण निवास अजून गिटारच्या पोटात पाहत होता. तो हळू आवाजात म्हणाला,

"वायरनं सांगितलं होतं, तात्या."

"काय म्हणालास?"

"ती सांगत होती इतके दिवस. खरखर करत होती. तिला दुसरं कसं सांगता येणार?" त्याने बोटाने तुटके टोक जरा बाजूला केले. "यांनी आवाज वाढवला, म्हणून ऐकू आलं नाही."

त्यात टोमणा नव्हता. बिघाड सापडला की कारागीर तो बोलून दाखवतो, तसे त्याने ते बोलून दाखवले होते. साळवेने ओशाळून मान खाजवली. आपले सगळे बोलणे साळवेला उद्देशून होते, असे तात्यांना आतापर्यंत वाटत होते. "तात्या, त्या दिवशी इस्पितळात..." हे वाक्य त्यांना आठवले. थंडी सरली होती, उन्हाळा लागला होता, आणि ते वाक्य त्यांच्यासमोर किती वेळा सुरू झाले होते याची गणती नव्हती. ते कुठे संपते, हे मात्र त्यांना माहीत नव्हते. त्यांनी ते कधी संपूच दिले नव्हते.

"तुम्ही जोडायला घ्या," साळवे उठत म्हणाला, "मी तिघांना चहा सांगून येतो."

"मला नको, दादा," निवास म्हणाला.

निवासने चहा सोडला होता. माणूस गेले, की त्याच्या नावाने आवडती एखादी वस्तू सोडायची चाल आपल्याकडे आहे. निवासनेही तशीच आईच्या नावाने सोडली असेल, असे समजून तात्यांनी कारण विचारले नव्हते. उलट, "चांगलं केलंस," असे ते म्हणाले होते.

साळवे गेला. निवासने नट काढून जॅक बाहेर घेतला, वायरींचा पिळलेला भाग कापून टाकला, वायरींची टोके सोलली, सोल्डरिंग आयर्न तापत ठेवले आणि जॅक धरायला लहान शिकंजा पुढे ओढला. तात्यांनी तो बाजूला सारला.

"आज मी धरतो."

"तापेल, तात्या. चटका बसेल."

"बसू दे. तू कर."

तात्यांनी जॅक दोन बोटांत धरला. निवासने वायरचे टोक त्याच्या पट्टीवर टेकवले. तात्यांच्या ओठांवर एक चांगले वाक्य आले होते. ते त्यांनी गिळले, आणि विचारले, "त्या दिवशी इस्पितळात काय झालं?"

निवासने वर पाहिले नाही. आयर्न पट्टीला लावत तो बोलू लागला, जणू त्या पट्टीलाच सांगत होता.

"डॉक्टर म्हणाले होते, आता बरी आहे. ती बोलत होती चांगली. मला म्हणाली, सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या, खाली जाऊन चहा घेऊन ये. मी नको म्हणालो. जा म्हणाली. मग गेलो. गाड्यावर गर्दी होती. चहा हातात आला तो खूप गरम होता." तो थांबला. "मी तो निवायची वाट बघत उभा राहिलो, तात्या. फुंकून पिता आला असता. टाकून येता आलं असतं. मी आपला उभा. रस्त्यावर दोन कुत्री भांडत होती, ती बघत होतो. वर आलो तर पडदा ओढला होता. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, निवास तूच का? हाक मारत होती तुला."

कथील वितळून पट्टीवर पसरले होते. निवासने आयर्न उचलले.

तात्यांजवळ उत्तरे होती. तुझा काय दोष? तू वर असतास तरी काय करणार होतास? आईनेच पाठवले ना तुला? मरण कुणाची वाट पाहते? सगळी खरी होती, सगळी मायेची होती. एकेक उत्तर जिभेवर येत होते, आणि तात्यांना प्रत्येकात पाना दिसत होता.

त्यांच्या धंद्यात एक नियम आहे. आयर्न उचलल्यावर कथील निवेपर्यंत धरणाऱ्याने हलायचे नाही. त्या क्षणात हात हलला, तर सांधा वरून जुळलेला दिसतो आणि आतून कच्चा राहतो. हा नियम त्यांनीच निवासला शिकवला होता. तात्या हलले नाहीत. जॅकची ऊब बोटांत शिरली, मग ती ऊब राहिली नाही, चटका झाली. त्यांनी बोटे सोडली नाहीत आणि तोंड उघडले नाही. कथलावरची ओली चकाकी हळूहळू गेली आणि ते स्थिर झाले.

"झालं," निवास म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. बाहीने ते पुसून त्याने दुसरी वायर घेतली. तात्यांनी जॅक पुन्हा धरला.

साळवे तीन ग्लास घेऊन परतला, तेव्हा दोघे तसेच बसले होते. तो काही बोलणार होता. पण निवासच्या तोंडाकडे त्याचे लक्ष गेले. त्याने ग्लास कडेला ठेवले आणि तो बाकावर टेकला.

मग जॅक गिटारच्या पोटात बसवायचा होता. तात्यांनी आत बोटे घालून तो पकडला. निवासने बाहेरून नट लावला.

"धरलंय?"

"धरलंय."

पाना थोडा फिरला.

"धरलंय, तात्या?"

"हो रे. फिरव."

पिन घातली, अ‍ॅम्प्लिफायर लावला. साळवेने तारांवरून हात फिरवला. नाद स्वच्छ आला, खरखर नव्हती. त्याने वायर हलवून पाहिली, दोनतीन साधे स्वर वाजवले आणि त्या खोलीत आणखी वाजवणे त्याला बरे वाटले नाही. "येतो, तात्या. येतो रे, निवास," एवढेच म्हणून तो गेला.

निवासचा ग्लास तसाच राहिला. त्यावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी नेहमीपेक्षा लवकर दुकान उघडले आणि ते दाराकडे पाहत बसले. ऊन पायरीवर आले, पायरी ओलांडून आत आले. उशिराने निवास आला, कोपऱ्यातला झाडू घेऊन झाडू लागला. काम सोडण्याबद्दल तो काही बोलला नाही. तात्यांनीही विचारले नाही.

पुढेही पुष्कळ दिवस त्याचे सांधे कच्चे येत. त्यांतले काही तो संध्याकाळी घरी गेल्यावर तात्या नव्याने करत. कधी काम करता करता निवास आईबद्दल काहीतरी बोलू लागे. ती तोंडात टाचण्या धरूनच बोलायची, म्हणून तिचे निम्मे शब्द कुणाला कळत नसत, असे काहीतरी. तसे झाले की तात्या हातातले हत्यार खाली ठेवत. काही वाक्ये शेवटास जात, काही अर्ध्यावर थांबत. थांबलेले वाक्य तात्या पुरे करत नसत. या गप्प राहण्याने निवासचे काही भले होते आहे, की त्यांच्याजवळचे शब्दच सरले आहेत, हे त्यांना शेवटपर्यंत नक्की कळले नाही.

सांगण्यासारखे काही उरले नाही म्हणून गप्प बसलेला माणूस आणि ऐकायचे आहे म्हणून गप्प बसलेला माणूस पाहणाऱ्याला सारखेच दिसतात. दोघांतला फरक फक्त बोलणाऱ्याला कळतो.